जादूच्या शाळेचे वेळापत्रक

दिवाळी अंकात या सदराला दोन पाने जास्त मिळतात. त्यासोबत संपादकांची एक चिठ्ठीही येते, 'या खेपेला काही तरी शाळेबाहेरचे लिहा.' वाचकांनाही माझ्या शाळेच्या गोष्टींचा कंटाळा आला असेल, नाही असे नाही. पण करणार काय? ज्याने एकतीस वर्षे घंटेवर काढली, त्याची पाठ शाळा सहजासहजी सोडीत नाही. निवृत्त झालो, घर बदलले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. आणि गेल्या मे महिन्यात शाळा पुन्हा दारात येऊन उभी राहिली. ती सुद्धा जादूची!

त्याचे असे झाले. आमची नात नववीतून दहावीत गेली. दहावीचे वर्ष म्हणजे घरात सगळ्यांनी हळू बोलायचे वर्ष. पण मे महिना अजून तिचा तिच्याकडे होता. एके दिवशी दुपारी मी वामकुक्षीच्या तयारीत असताना ती आणि तिचे तीन सवंगडी पलंगापाशी येऊन उभे राहिले. मंत्र्याकडे शिष्टमंडळ जाते ना, तसे.

"आजोबा, शाळेचं वेळापत्रक तुम्हीच करायचात ना?"

"एकोणीस वर्षं केलं. एकदासुद्धा एका तासाला दोन वर्गांवर एक मास्तर आला नाही."

"मग आम्हाला एक शाळा करून द्या. जादूची."

मला आधी वाटले, मुले नाटक बसवताहेत. तसे नव्हते. चारपाच जणांनी बैठक मारायची, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे आणि बोलता बोलता सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची. संहिता नाही, पडदा नाही, प्रेक्षक तर नाहीतच. एकजण सूत्रधार. तो म्हणणार, "तुम्ही दारात उभे आहात, आत अंधार आहे, काय करता?" मग ज्याने त्याने आपल्या पात्रापुरते सांगायचे. वाद पडला की फासे टाकायचे. हे फासेही आपल्या सोंगट्यांच्या पटावरचे नव्हेत. एकाला तर वीस बाजू! असा पहिला छापील खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्यातल्या जादूची तऱ्हा जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकावरून उचललेली आहे. तिथला मांत्रिक मंत्र पाठ करतो, आणि एकदा म्हटला की तो मंत्र डोक्यातून साफ पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा घोका! हे ऐकून बाकीच्यांना नवल वाटत असेल. मला वाटले नाही. सहामाहीचा पेपर देऊन बाहेर पडणारी पुष्कळ मुले मी पाहिली आहेत.

मनातल्या मनात या सगळ्या प्रकाराला 'भातुकली' असे नाव देऊन मी मोकळा झालो, आणि कामाला लागलो. दोनशे पानी वही आणली. आठ दिवस दुपारची झोप वर्ज्य केली. शाळेचा तीनशे वर्षांचा इतिहास लिहिला, संस्थापकांच्या भांडणासकट. मास्तर चौदा, त्यांच्या पदव्या, त्यांच्या किरकोळ रजेचे नियम. बुधवारी तिसरा तास अदृश्यविद्या, चौथा वस्तुचलन, मग मधली सुटी. शनिवारी सकाळची शाळा. तळघरात एक बंद खोली ठेवली होती, पण आत काय आहे तेही पुढच्या पानावर लिहून टाकले होते. उगाच कोणाला हुरहूर नको!

पहिल्या बैठकीला मी ती वही वाचून दाखवली. पाऊण तास. चष्मेवाला मुलगा सुरुवातीला टिपणे घेत होता, मग त्याने पेन्सिलीला टोक काढायला घेतले. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने दोन जांभया गिळल्या. चौथा, मावशीकडे सुटीला आलेला एक मुलगा, भिंतीला टेकून खाली पाहत बसला होता. पण तो नेहमीच तसा बसे, त्यामुळे त्याच्याकडे पाहून काही कळायला मार्ग नव्हता. वाचन संपले. कोणी काही विचारीना.

शेवटी नातच म्हणाली, "आजोबा, छान आहे. पण सगळं तुमचंच झालं. यात आम्ही कुठे राहायचं?"

खरे सांगतो, मला राग आला. आठ दिवसांची झोप गेली होती! पण रात्री वही पुन्हा चाळली तेव्हा पोरीचे म्हणणे पटू लागले. जिथे हात घालावा तिथे माझे उत्तर आधीच बसलेले. भाडेकरूने यावे आणि घरात मालकाच्या आजोबांपासूनचे सामान खच्चून भरलेले असावे, तशी गत. कादंबरी लिहिणाऱ्याला हे शोभते. त्याचा वाचक पाहुणा असतो, त्याला बसायला एक खुर्ची पुरते. इथे मात्र पाचही जण घरचे, आणि प्रत्येकाला आपले बिऱ्हाड थाटायला एकेक खोली हवी.

दुसऱ्या दिवशी सूत्रे नातीने हातात घेतली. २०२० साली निघालेला 'किड्स ऑन ब्रूम्स' नावाचा असाच एक खेळ आहे, जादूच्या शाळेचाच. त्यात खेळ सुरू होण्याआधी शाळा कशी आहे ते सगळ्या खेळाडूंनी मिळून, प्रश्नांना उत्तरे देत ठरवायचे असते. तिने तीच रीत घेतली. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या दिल्या. एकीवर शाळेतली एक जागा, दुसरीवर एक माणूस आणि त्याला काय हवे आहे ते, तिसरीवर एक वदंता. वदंता खरी की खोटी हे लिहायचे नाही. नकाशावर निम्म्या खोल्या कोऱ्या ठेवायच्या. माझ्या तळघरातल्या खोलीचे 'पुढचे पान' तिने माझ्यादेखत फाडले, आणि मी गप्प बसलो. निवृत्तीनंतर माणसात सुधारणा होते ती अशी.

जागेवरून पहिला वाद झाला. चष्मेवाल्याला बर्फातला इंग्रजी किल्ला हवा होता. मनोरे, शेकोट्या, घुबडे. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "बर्फ आपल्यापैकी कुणी पाहिलाय का? तिथे सकाळी दात कसे घासतात ते तरी सांग." तो निरुत्तर झाला. मग किल्ला ठेवला, पण सह्याद्रीतला. हे काम आपले आपणच सोपे झाले. माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा या जागा मुलांच्या पायाखालच्या. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद होतात हे हिरकणीच्या गोष्टीमुळे कोणाला शिकवावे लागले नाही. आणि ज्या शाळेचा दरवाजा सूर्यास्ताला बंद होतो, तिथे उशिरा परतणाऱ्या पोराची गोष्ट सुरू व्हायला मंत्र कशाला हवा?

पण किल्ल्याने खरा उपकार केला तो पाण्याचा. गडावर पाणी कातळात खोदलेल्या टाक्यांतले. पावसाळ्यात भरलेली टाकी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायची. जादूला किंमत काय लावायची यावर आमचे घोडे दोन दिवस अडले होते. फुकटची जादू खेळात चालत नाही, हे मुलांना माझ्याआधी कळलेले. कोणी म्हणे थकवा येतो, कोणी म्हणे वय वाढते. तिसऱ्या मजल्यावरचीने एकदम विचारले, "मंत्राला पाणी लागत असेल तर?"

ठरले. लहान मंत्राला एक कळशी, मोठ्याला एक हंडा. मंत्र म्हटला की टाक्यातले तेवढे पाणी कमी. श्रावणात वाटेल तितकी उधळपट्टी करा. कार्तिकात जरा जपून. माघापासून मोजणी, आणि वैशाखात आठवड्याला शाळेत मिळून एक मंत्र. तो कोणाला मिळणार यावर मारामाऱ्या. सगळ्यात सामर्थ्यवान व्यक्ती मुख्याध्यापक राहिली नाही. टाक्याची किल्ली कमरेला लावणारी स्वयंपाकीणबाई झाली. वरणासाठी पाणी की गरुड होण्यासाठी, याचा निकाल ती देणार. माझ्या चौदा मास्तरांपैकी अकरा त्या दिवशी नोकरीवरून गेले. पाण्याचा महिनावार हिशेब तेवढा मुलांनी माझ्याकडे ठेवला, आणि तो मी चोख केला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी घरी यावे.

मग निघाला प्रवेशाचा प्रश्न. या शाळेत घ्यायचे कोणाला?

जादूच्या शाळा काही परवाच्या नव्हेत. १९९७ साली हॅरी पॉटर आला म्हणून ती कल्पना इंग्रजांची, असे मुलांना वाटते. मी त्यांना कचाची गोष्ट सांगितली. संजीवनी विद्या मिळवायला शत्रूच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे राहिलेला देवांचा मुलगा! शेवटी तो धडा गिरवला तो गुरूच्या पोटात बसून. असे प्रात्यक्षिक कोणत्या शाळेत झाले आहे? खाडिलकरांनी त्यावर १९१३ साली 'विद्याहरण' रंगभूमीवर आणले. तिकडे ट्रान्सिल्व्हेनियातल्या लोककथेत 'शोलोमान्स' नावाची सैतानाची शाळा आहे. विद्यार्थी दहा, सुटून घरी जातात नऊ, दहावा फी म्हणून सैतानाकडे राहतो. १९६८ साली अर्सुला ले ग्विन या बाईंनी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त रोक बेटावर मांत्रिकांची शाळा उभी केली. फार जबाबदारीची शाळा. उगाच केलेल्या जादूने जगाचा तोल जातो असे तिथे शिकवतात. पण त्या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता. लिहिणारी बाई, आणि शाळा फक्त मुलांची! ते पुढे बाईंना स्वतःलाच टोचले असावे. कारण १९९० च्या 'तेहानू'पासून त्या त्याच जगाकडे बायकांच्या बाजूने पाहू लागल्या, आणि नंतरच्या एका कथेत तर एक मुलगी रोकच्या दारात येऊन उभीच राहिली.

हे ऐकून नात म्हणाली, "म्हणजे शाळा बांधताना पहिल्यांदा दार नीट बघायचं."

आणि आमच्याकडे दाराच्या गोष्टी काय कमी आहेत? एकलव्याला द्रोणाने घेतले नाही, आणि न शिकवलेल्या विद्येची फी अंगठा कापून घेतली. कर्ण खोटी जात सांगून परशुरामाकडे शिकला. खरे कळताच गुरूने शाप दिला, ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. मुले बराच वेळ बोलत राहिली. चष्मेवाल्याचे म्हणणे, जादू जन्मतःच अंगात असावी, म्हणजे घोटाळा नाही. पॉटरच्या पुस्तकांत तसेच आहे. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "मग शाळा कशाला? नुसती जन्मपत्रिका बघा." मते पडली दोनाला दोन. चौथ्याचे मत कोणी विचारले नव्हते.

त्याने बोलायच्या ऐवजी एक चिठ्ठी पुढे सरकवली. माणसाच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'पाणक्या. पायथ्याच्या वाडीतला. खालच्या झऱ्यावरून वर पाणी आणतो. वर्गाच्या खिडकीखाली कावड टेकवून बसतो. त्याला काय हवे: तिसरा तास पुरा ऐकायला.'

हे पात्र तो स्वतः घेणार होता. त्या बैठकीनंतर नातीने मला आत येऊन सांगितले, त्याला बोलताना अडखळायला होते, म्हणून तो बोलत नाही. शाळेत तोंडी परीक्षेच्या दिवशी घरी राहतो. "तुम्ही त्याला मुद्दाम काही विचारू नका हां, आजोबा." मी म्हटले, बरे.

खेळाचे दोन नियम नातीने सगळ्यांना आधीच सांगितले होते. पहिला असा, की मध्ये एक सुपारी ठेवायची. खेळात काही नकोसे वाटले तर कोणीही ती उचलावी. तेवढा भाग गाळून पुढे जायचे, का म्हणून विचारायचे नाही. परदेशात यासाठी 'एक्स' अक्षराचे कार्ड ठेवतात. आमच्या घरी पानाचा डबा आहे, म्हणून सुपारी. दुसरा नियम पोलंडहून आलेला. तिथे नैर्ऋत्येला चोहा नावाचा जुना किल्ला आहे. २०१४ साली पोलिश आणि डॅनिश मंडळींनी तिथे जादूच्या महाविद्यालयाचा खेळ मांडला. शंभरावर मोठी माणसे झगे घालून काही दिवस त्या किल्ल्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक होऊन राहतात, तास घेतात, तास चुकवतात. आधी पॉटरच्या जगात चालायचे ते. पुढे त्यांनी स्वतःचे वेगळे जग केले. विद्यार्थ्यांची कुळे पाच, त्यांतल्या एकाला नाव दिले आहे सेंडिव्होगियस या खऱ्याखुऱ्या पोलिश किमयागाराचे. तिथला नियम असा, की मंत्र टाकणाऱ्याने फक्त टाकायचा. त्याचा परिणाम काय झाला, ते ज्याच्यावर टाकला त्याने ठरवायचे.

मला हा नियम उलटा वाटला होता. छडी मारणाऱ्याने विचारायचे, "लागली का?" आणि समोरच्याने म्हणायचे, "नाही, गुदगुल्या झाल्या"? अशाने शाळा चालेल का?

मुलांनी मला भूमिका दिली ती अर्थात कडक मास्तरांची. उरलेल्या तिघांपैकी एक. पाचव्या की सहाव्या बैठकीची गोष्ट. वैशाख चालू होता, टाक्यात सत्तावीस कळश्या शिल्लक. तिसरा तास चालू. माझ्या मास्तरांना खिडकीखाली पाणक्या सापडला. नुसता सापडला नाही, वर्गातल्या मुलाला उत्तर सांगताना सापडला. मी भूमिकेत रंगलो होतो. उठून उभा राहिलो, बोट रोखले, आणि त्याच आवाजात म्हणालो, "एक कळशी खर्च! गप्प हो!"

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आले. ते मास्तरांचे नव्हते, माझे होते. पंचवीसएक वर्षांपूर्वी, मी ज्या शाळेत होतो तिथे, आठवी 'ब'मध्ये एक मुलगा उभ्याने कविता म्हणत होता. पहिल्याच शब्दाला अडकला. वर्ग हसायला लागला. तास संपत आला होता, मला घाई होती. मी म्हणालो, "येत नसेल तर गप्प हो, बस खाली." तो बसला. वर्षभर पुन्हा त्याला उभे केले नाही. त्यात मी त्याच्यावर उपकार करतो आहे असे मला वाटे.

खोलीत कोणी हलेना. नात माझ्याकडे पाहत होती; तिच्या डोळ्यांत काय होते ते लिहीत नाही. चष्मेवाल्याने हळूच सुपारी त्या मुलाच्या दिशेने सरकवली. मुलाने तिच्याकडे पाहिले. उचलली नाही. त्याचे ओठ हलत होते, पहिले अक्षर निघत नव्हते, आणि कोणीही ते त्याच्यासाठी काढून दिले नाही. बाहेर कोणी तरी गाडी मागे घेत होते, तिचे पिंपिं वाजून थांबले तरी आम्ही थांबून होतो.

"म-मी गप्प झालो," तो म्हणाला. "आणि... टा-टाक्यातलं पाणी बोलायला लागलं."

"काय म्हणतंय?" नातीने विचारले. सूत्रधाराच्या आवाजात, दुसरे काही नाही.

"आज सगळे जे तास झाले, ते... पहिल्यापासून म्हणून दाखवतंय. मोठ्यांदा. वाडीपर्यंत ऐकू जातंय."

तिसऱ्या मजल्यावरची ओरडलीच, "अरे बाप रे!" मग चौघेही एकदम बोलायला लागले. वाडीतल्या पोरांना आता सगळे मंत्र येणार! मंत्र आले की पाणी लागणार! टाके कोणाचे, गडाचे की वाडीचे? स्वयंपाकीणबाई कोणाच्या बाजूने? तो मुलगाही मधूनच बोलत होता, अडखळत, पण बोलत होता. आणि त्या गडबडीत कोणी त्याच्या अडखळण्याकडे लक्ष देत नव्हते. माझ्या दोनशे पानांत यातली एक ओळ नव्हती.

मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "काय हो, हरलात?" या खेळात हारजीत नसते, हे त्यांना समजावून सांगायला मला जरा वेळ लागला.

जूनमध्ये तो मुलगा आपल्या गावी गेला. आठवी 'ब'मधल्या मुलाचे नाव मला आठवते. पत्ता ठाऊक नाही. एका जुन्या सहकाऱ्याला विचारले आहे. अजून उत्तर नाही.

दिवाळीच्या सुटीत मंडळी पुन्हा जमणार आहेत. खेळात पावसाळा होऊन गेला, टाकी काठोकाठ आहेत. हिशेब माझ्याकडे तयार आहे. माझ्या मास्तरांची बदली करावी असा रीतसर अर्ज मी सूत्रधाराकडे दिला होता, तो नामंजूर झाला. उलट मावशीकडून त्या मुलाची चिठ्ठी आली आहे. अक्षर मोत्यासारखे. 'आजोबा, नव्या सत्रात पाणक्याला तिसऱ्या तासाला आत बसू देणार की नाही, ते मास्तरांनी ठरवायचे आहे. आम्ही ती जागा कोरी ठेवली आहे.'

वसुबारसेच्या दिवशी पहिली बैठक आहे. वेळापत्रकाची वही काढून बसलो आहे. बुधवार, तिसरा तास, एवढेच लिहून झाले आहे.